पुतळीची तिसरी पायरी

"सातशे एकोणपन्नास आणि आठशे बहात्तर!" दिनकरराव मास्तरांनी आकडे टाकले.

पुतळीवाल्या महाराजांचा हात भगव्या कापडाखाली सरकला. आत खटखट वाजलं, अन् पितळी पुतळीच्या पायाखालच्या काचेत आकडे उभे राहिले.

"सोळाशे एकवीस!" मास्तरांनी पाटी पाहिली. "बरोबर हाय."

चारठाण्याच्या महादेवासमोर श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची गर्दी. सगळ्यांचे हात जोडले गेले.

"गणित ही पहिली पायरी," महाराज डोळे मिटून बोलले. "मनातलं वळखणं दुसरी. तिन्ही काळ जाणणं तिसरी. जी पुतळी पहिलीवर चुकत न्हाई, ती तिसरीवर कशी चुकंल, मायबाप?"

मायबापांना पटलं. बैल औत झकास ओढतो म्हणून त्याला कुणी पोरीचं लगीन जमवायला धाडत नाही, हे कुणाला आठवलं नाही.

दैवशालेच्या खांद्यावर तिचं वर्षाचं लेकरू होतं, मुंजा. जुलाबांनी डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. देवळामागं जिंतूरची मोटार उभी होती. जिंतुरात सरकारी दवाखाना होता.

"कौल घेतल्याबिगर न्हाई जायचं," सासू धुरपताबाई म्हणाली. "पुतळे माय, लेकराला दवाखान्यात न्यावं का?"

पुतळीच्या हातातली घंटी दोनदा वाजली. दोनदा म्हणजे नाही.

"सुई टोचली की जीव गेला," महाराजांनी उसासा सोडला. "आज इथंच, पुतळीच्या पायाशी ठिवा."

ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. दैवशालेनं मोटारीकडं पाहिलं.

सगळे पुतळीचं तोंड बघत होते. दैवशाला सून. डोईवर पदर, नजर खाली. त्या खालच्या नजरेला महाराजांच्या पायाचा अंगठा दोनदा हललेला दिसला होता.

तिनं लेकरू सासूकडं दिलं अन् मूठ पुढं केली.

"मलाबी इचारायचंय. माज्या मुठीत मूग हायेत का?"

"अगं, तिसऱ्या सोमवारची शिवामूठ मुगाचीच की!" कुणीतरी हसलं.

महाराजही हसले. अंगठा हलला. घंटी एकदा वाजली. होय.

दैवशालेनं मूठ उघडली. तळहात ओला होता, रिकामा.

"मूग तर मी मगाच आत महादेवाला वाहिले."

गर्दी पुढं सरकली.

"पुतळी कोपंल!" महाराज ओरडले.

"कोपू द्या." तिनं कापड ओढलं. पितळी पुतळीखाली काळं लोखंडी यंत्र निघालं, आकड्यांच्या खुंट्या अन् दांडा असलेलं. घंटीची सुतळी थेट महाराजांच्या अंगठ्याला.

मास्तर वाकले. त्यांचा चेहरा उतरला होता. "हे तर बेरजेचं यंत्र. हैदराबादेत कचेरीत पाहिलंय म्या. आपण आकडे दाबायचे, दांडा वढायचा, ते बेरीज करतं. चोख करतं. पण मूठ बघत न्हाई, मन वळखत न्हाई. बाकीच्या दोन पायऱ्या अंगठ्यानं चढल्या."

"मंग म्हाराज, आमच्या लेकराचं काय इचारलं तुमी अंगठ्याला?" धुरपताबाईनं विचारलं. उत्तराला न थांबता ती मुंजाला छातीशी धरून मोटारीकडं धावली. "चल गं सूनबाई, थांबव मोटारीला!"

दैवशालेनं पळता पळता कळसाला हात जोडले. श्रद्धा तिची देवावर होती, सुतळीवर नव्हती.

बायांनो, बापांनो, उद्या याहून हुशार यंत्रं येतील. त्यांना जे येतं ते खुशाल करून घ्या. पण एक येतं म्हणून सगळं येतं, असं कुणी म्हटलं, तर आधी मूठ मिटून विचारा.