विमलची पाठवणी

कालिंदीआक्कांना खोटं बोलायला कधी जमलं नाही. जन्मात एकदाच बोलल्या, आणि ते असं काही पचलं की पुढं सहा वर्षं सारी गल्ली ते खरं धरून चालली.

त्याचं असं झालं. वडील अंबादासमास्तर गेले आणि मंगळवार पेठेतलं दोन खोल्यांचं कौलारू घर भावाबहिणीच्या नावावर आलं. भाऊ नृसिंह वारणानगरला साखर कारखान्यात, बायकोमुलांसकट तिकडंच. आक्का बिनलग्नाच्या, या घरात एकट्या, शिलाई मशीनवर पोट. अडुसष्ट साली नृसिंहानं घर विकायला काढलं. हे घर गेल्यावर आपण जायचं कुठं, एवढाच प्रश्न आक्कांच्या डोक्यात. पहिलं गिऱ्हाईक आलं, त्याची बायको न्हाणी बघायला मागं निघाली, आणि आक्का बोलून गेल्या, "तिन्हीसांजेला तिकडं जाऊ नका हं. आमची विमल असते तिथं."

विमल म्हणजे धाकटी बहीण. लग्न आठ दिवसांवर आलं असताना तापानं गेली, एकोणीस वर्षांची. अंगाला हळद लागायची राहिली ती राहिलीच. अशी पोर घर सोडत नाही, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. केलेला चहासुद्धा गिऱ्हाइकानं घेतला नाही.

मग काय, आक्कांना वाटच सापडली. दुसरं गिऱ्हाईक आलं की विमलच्या बांगड्या वाजायच्या, तिसरं आलं की ती चुलीपुढं बसायची. पण माणसाचं मन मोठं चमत्कारिक बघा. लोकांना सांगता सांगता आक्काच तिच्याशी बोलायला लागल्या. "विमे, आज आमटीत मीठ जास्त झालं गं." "विमे, दार लोटून घे." खुळ्या नव्हत्या त्या. विमल तिथं नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण तिच्याशी चार शब्द बोलल्याशिवाय घास उतरायचा नाही, हेही तितकंच खरं.

चौऱ्याहत्तर साली नृसिंहाचं एक मूत्रपिंड कामातून गेलं. मिरजेच्या डॉक्टरांनी तातडीनं ऑपरेशन करायला सांगितलं. तेव्हा आक्का आपण होऊन म्हणाल्या, "नरसू, घर विकायला काढ. मी येते तुझ्याकडं राहायला."

पण घेतो कोण? घर बाधेचं, वर मागची भिंत फुगलेली. शेवटी बिद्रीकडचा आकाराम नावाचा गूळव्यापारी तयार झाला. म्हणाला, "भिंत असू दे, कौलं फुटकी असू देत, हाय तसं घेतो. अर्धी किंमत, पर रोख. फकस्त माझ्या आईचं एक ऐकायला लागंल."

आकारामची आई, बयाबाई, मनानं सोन्यासारखी म्हातारी. तिचं म्हणणं एवढंच, की पोरीची ओटी भरायची, तिला हिरवं लुगडं, हिरवा चुडा द्यायचा आणि वाटेला लावायची. आणि 'जा' म्हणायचं ते तिच्या रक्ताच्या बाईमाणसानं.

ठरल्या दिवशी बयाबाई सगळं घेऊन दारात आली. नृसिंहाचं मुखत्यारपत्र घेऊन त्याची बायको तानाबाईही आली होती. हिरवं लुगडं बघितलं आणि आक्कांना राहवेना.

"बयाबाई, खोटं आहे हो सगळं. मीच रचलं. इथं कोणी नाही."

म्हातारीनं त्यांच्या तोंडावरून हात फिरवला. "आतडं तुटतंय म्हनून बोलतीस, लेकी. मला कळतंय की. पर ओटी भरल्याबिगर मी उंबरा वलांडायची न्हाय."

तानाबाईनं नणंदेला बाजूला ओढलं. "वन्सं, पाया पडते. सोमवारी त्यांचं ऑपरेशन हाय." मग खाली बघत म्हणाली, "आन् रागावू नगा, पर ती सुटली न्हाय तर तुमच्या मागनं आमच्या घरात येईल. माझ्या दोन पोरी लग्नाच्या हायत. तिला घिऊन मी तुम्हाला घरात कसं घेऊ?"

आक्कांनी स्वतःच पेरलेलं होतं.

चुलीपुढं पाट मांडला. बयाबाईनं त्यावर लुगडं ठेवलं, चुडा ठेवला, नारळ ठेवला. मग वाटीत हळद कालवली आणि पाटाला लावायला लागली, अगदी हलक्या हातानं, नवरीच्या पावलांना लावतात तशी. विमल गेल्यापासूनच्या चोवीस वर्षांत तिला हळद लावावी असं घरच्या कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. लावली ती या परक्या म्हातारीनं.

"म्हन बाई आता."

"विमे," आक्का म्हणाल्या, "जा."

"परत येऊ नगंस म्हन."

आक्कांनी वर पाहिलं. दारात तानाबाई पदर तोंडाशी धरून उभी होती. तिचे डोळे आक्कांच्या ओठांवर खिळले होते.

"परत येऊ नकोस. माझ्या मागनंही येऊ नकोस, विमे. तिथं तुला जागा नाही गं."

विमल गेली तेव्हा आईला सावरायचं होतं, म्हणून आक्का रडल्या नव्हत्या. आज पाटापुढं बसून हंबरडा फोडला त्यांनी. बयाबाई पाठीवर हात फिरवत राहिली. तानाबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावली, शेजारी टेकली, आणि हळूच विचारलं, "गेली न्हवं, वन्सं? खरंच गेली?"

"गेली," आक्का म्हणाल्या.