उरलेला मलइयो

कानपूरला बँकेत बसल्या बसल्या देवव्रतला अजून कधीतरी ओल्या भांगेचा वास येतो. बडीशेप, काळी मिरी, आणि पाट्यावर वरवंटा फिरवणारी विद्युल्लताआत्या.

बनारसच्या दुर्गाघाटावरच्या त्या घरात राज्य आत्याचं. रोज संध्याकाळी ती भांग वाटायची. आधी महादेवाला, मग वाटाण्याएवढी गोळी आपल्या भावाला, देवव्रतच्या वडिलांना. आमच्याकडे नशा नाही, प्रसाद आहे, असं ती गल्लीभर ठणकावून सांगे. सतराव्या वर्षी देवव्रतलाही चिमूटभर मिळू लागली.

त्या चिमटीच्या आडच तो लपला. चौऱ्याण्णव साल ते. कॉलेजातल्या पोरांबरोबर तो घाटामागे पुडी, म्हणजे ब्राउन शुगर, ओढायला शिकला होता. डोळे जड, जीभ जड. कुणी विचारलंच तर म्हणायचा, गोळी जरा मोठी झाली. बनारसमध्ये एवढ्यावर कोण हटकतंय? आत्या उलट लिंबू चोखायला द्यायची, आणि बापासारखाच कच्चा निघालास म्हणून हसायची.

मग थंडी पडली. एका सकाळी गल्लीत मलइयोवाला आला. रात्रभर दवात ठेवलेल्या दुधाचा तो गोड केशरी फेस. आत्याने मातीचा कुल्हड भरून पुढे ठेवला. कालची अजून उतरली नाही, असं पुटपुटत देवव्रतने तो बाजूला सारला.

आत्याचा हात थांबला. बाप, नवरा, भाऊ, सगळ्यांची भांग तिने बघितली होती. चढली की ही माणसं गोडावर अशी तुटून पडत, की पेढ्यांचा डबा लपवावा लागे.

"भांगवाला मलइयो सोडत नाही, देवा. तू दुसरं काय घेतोस?"

त्याने पुडीचं सांगून टाकलं.

वडील म्हणाले, घरातच मिटवू, मंगला गौरीच्या देवळापर्यंत बोभाटा व्हायला नको.

"लोकांची तोंडं मी बघते. तू चौकात जाऊन रिक्षा बघ."

आपल्याहून हातभर उंच पोराचं मनगट धरून ती गल्लीतून निघाली. ज्याने विचारलं त्याला सरळ सांगितलं, पोराला पुडी लागलीय, दवाखान्यात नेतेय. आणि तुमचा कुठे जातो तेही एकदा बघा.

संध्याकाळी वडील गोळीची वाट बघत बसले. पाट्यावर पुदिन्याची चटणी होती. महादेवाला बेल पुरतो, आत्या म्हणाली, तुलाही पुरेल.

आता देवव्रत थंडीत घरी आला की पहिल्या सकाळी कुल्हड समोर येतोच. गोड त्याला फारसं आवडत नाही. तरी तो बोटाने तळ पुसून खातो. आत्या त्याच्या तोंडाकडे बघतच नाही. रिकामा कुल्हड हातात घेते, उजेडात जरा तिरपा करते, आणि मग कामाला लागते.