चार पिस्तुलं, सात हात

सुचित्रा केंजळे यांच्या हातातून पिस्तूल सुटलं तेव्हा तहसीन त्यांच्यापासून दोन पावलांवर उभी होती, पण तिची मान शेजारच्या लेनकडे वळलेली होती. तिकडच्या बाईने कानावरचा मफ काढायला हात वर नेला होता, म्हणून. मान किती वेळ वळलेली होती, हे मात्र तिला नंतर काही केल्या आठवेना.

तहसीन परकार मूळची हर्णैची. दापोलीच्या कॉलेजात एनसीसीत असताना तिने पहिल्यांदा रायफल धरली आणि राज्य पातळीवर दोन मेडलं आणली. लग्न होऊन ती दुबईत आली. नवरा अक्रम दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यात क्वालिटी सुपरवायझर होता. मुलगी दुआ शाळेत जायला लागल्यावर तहसीनने शहराबाहेरच्या एका शूटिंग क्लबात इन्स्ट्रक्टरची नोकरी धरली. शनिवारची लेडीज बॅच तिची. दर वेळी सहा बायका, बहुतेक पहिल्यांदाच पिस्तूल हातात घेणाऱ्या.

त्या सहांत सुचित्रा मॅडम सगळ्यांत वयस्क, त्रेपन्न वर्षांच्या. ऊद मेथाच्या एका शाळेत फिजिक्स शिकवायच्या. भाचीने वाढदिवसाला क्लासची फी भरली होती, आणि भरलेली फी वाया घालवायची नाही म्हणून त्या आल्या होत्या. तिसऱ्याच क्लासला हे झालं. क्लबने ऑक्टोबरात लेडीज बॅचसाठी नवी, अगदी छोटी पिस्तुलं घेतली होती. त्यातल्या एकातून त्यांनी दुसरी गोळी झाडली. पिस्तूल जोरात वर उसळलं, मागे आलेल्या स्लाइडने, म्हणजे वरच्या सरकत्या भागाने, अंगठा आणि बोटाच्या बेचक्यातली कातडी फाडली आणि पिस्तूल समोरच्या काउंटरवर पडलं. पुढची गोळी आत चढलेली होती. नळीचं तोंड टार्गेटकडेच राहिलं हे नशीब. तहसीनने झेप घेऊन ते उचललं, मॅगझिन काढलं, चेंबर रिकामा केला आणि मगच मॅडमच्या हाताकडे पाहिलं. तीन टाके पडले.

भरलेलं शस्त्र हातातून पडणं ही कुठल्याही रेंजवर मोठी गोष्ट. मॅनेजर शाहबाजने त्याच संध्याकाळी रिपोर्ट लिहिला. त्यात एक ओळ होती : इन्स्ट्रक्टरने विद्यार्थिनीची पकड तपासली नव्हती. शाहबाज मूळचा कराचीचा, बोलायला सभ्य, पण नियमांच्या बाबतीत कडक. त्याने तहसीनचं रेंज कार्ड, म्हणजे रेंजवर शिकवायचा परवाना, ताब्यात घेतलं आणि सेफ्टी कमिटीची मीटिंग होईपर्यंत तिला रिसेप्शनच्या काउंटरवर बसवलं. तिथे तिचं काम एवढंच, येणाऱ्याला चष्मा आणि मफ द्यायचा, जाणाऱ्याकडून परत घ्यायचा.

तिने तक्रार केली नाही. घरी अक्रमने दोनदा विचारलं, की तू पकड तपासली होतीस की नव्हतीस. पहिल्या वेळी ती हो म्हणाली. दुसऱ्या वेळी म्हणाली, बहुतेक. त्यानंतर त्याने विचारणं सोडलं आणि तिला जास्तच वाईट वाटलं. भांडी घासताना, दुआची वेणी घालताना तिच्या डोळ्यांपुढे तेच यायचं, मॅडमचे दोन हात आणि त्यातलं पिस्तूल. ते हात आधी बरोबर होते की नव्हते, ते दिसायचंच नाही.

तीन आठवड्यांनी सुचित्रा मॅडमचा फोन आला. टाके निघाले होते. त्यांनी तिला अल मनखूलला घरी बोलावलं. तहसीन माफी मागायची तयारी करूनच गेली. वाटेत वाक्यं जुळवत होती, लिफ्टमध्ये सगळी विसरली.

मॅडमनी दार उघडलं, तिला बसवलं, चहा आणि दडपे पोहे पुढे ठेवले. मग उजवा हात टेबलावर पालथा ठेवून जखम दाखवली. गुलाबी रेघ उरली होती.

तहसीनने माफी मागायला तोंड उघडलं, तेव्हा मॅडमनी तिला थांबवलं. "क्लबातून मला सही करायला कागद आला होता. तू पकड तपासली नाहीस असं त्यात लिहिलंय. मी सही केली नाही."

"मॅडम, माझं लक्ष दुसरीकडे होतं."

"ते नंतर झालं. गोळी झाडायच्या आधी तू माझा डावा अंगठा धरून पुढे सरकवलास. तुझा हात थंडगार होता, म्हणून लक्षात आहे. तू हात काढलास आणि मी चाप ओढला. अगं, तू काही चुकली नाहीस. ते पिस्तूल माझ्या हातात राहिलंच नाही."

तहसीनचे डोळे भरून आले आणि ते दिसू नये म्हणून तिने पोह्यांची बशी जवळ ओढली. मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि आपणच पुढे बोलू लागल्या. त्यांना एक गोष्ट समजत नव्हती. पहिल्या दोन क्लासला मोठं पिस्तूल होतं, तेव्हा एवढा धक्का बसला नाही. मग लहान पिस्तुलाचा जास्त कसा?

हे सांगताना तहसीनचा आवाज पूर्ववत झाला. गोळी तीच असेल तर मागे येणारा जोर तोच. पण जड पिस्तूल त्यातला बराच जोर आपल्या वजनात जिरवतं. हलकं पिस्तूल तो सगळा हाताला देतं. शिवाय छोट्या मुठीवर दोनच बोटं बसतात, करंगळी हवेत राहते, मग नळी वर उसळते.

"म्हणजे साधा संवेगाचा नियम," मॅडम म्हणाल्या. "नववीच्या पोरांनाही कळतं. मग ही पिस्तुलं बायकांसाठी कोणी घेतली?"

बायकांचे हात लहान, म्हणून पिस्तूल लहान, असं शाहबाजचं म्हणणं होतं. तहसीनने ते सांगितलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी एक वही काढली आणि बॅचमधल्या बायकांनीच वेगवेगळी पिस्तुलं चालवून पाहायची, अशा चाचणीचा तक्ता तिथल्या तिथे आखला.

शाहबाज आधी नाहीच म्हणाला. सहा पिस्तुलं नुकतीच घेतलेली, प्रत्येकी अडीच हजार दिरहम, म्हणजे साठ हजार रुपयांच्या घरात, आणि आता त्यांच्यावर शंका घ्यायची? पण मॅडमनी सही न केलेला कागद त्याच्यापुढे ठेवला आणि शांतपणे सांगितलं, की कमिटीपुढे त्या स्वतः येतील. मग तो म्हणाला, शनिवारी सकाळी सात वाजता, क्लब उघडायच्या आधी. मॅगझिनमध्ये एका वेळी एकच गोळी. तहसीनला त्या सकाळपुरतं कार्ड मिळेल, पण लेनमागे तो स्वतः उभा राहील.

शनिवारी सहाही बायका आल्या. थंडीचे दिवस, वाळूवर धुकं पसरलेलं, हायवेवरचे दिवेही धूसर. शस्त्रं सांभाळणारे गनीचाचा, श्रीवर्धनचे, साठीला टेकलेले, त्यांनी चार पिस्तुलं मांडली आणि स्लाइडवर रंगीत टेप लावली. लाल म्हणजे ते नवं, सगळ्यांत हलकं. पिवळं त्याहून मोठं, मधल्या आकाराचं. हिरवं जुनं, पोलादी सांगाड्याचं, हातात घेतलं की मनगट खाली जाईल असं. या तिन्हींना काडतूस एकच. निळ्याला मात्र लहान, कमी ताकदीचं काडतूस लागायचं, म्हणून ते सगळ्यांत मऊ निघणार असं शाहबाजने आधीच सांगून ठेवलं होतं.

प्रत्येकीने प्रत्येक पिस्तुलातून पाच गोळ्या झाडायच्या आणि धक्का किती वाटला त्याला एक ते दहात आकडा द्यायचा. आकडा कागदावर लिहायचा, बोलायचा नाही, म्हणजे एकीचं ऐकून दुसरी बदलणार नाही. सातवी तहसीन. मॅडमनी तिलाही कागद दिला.

तिने प्रत्येकीची पकड तपासली. पायांमधलं अंतर, कोपर, अंगठा. दोनदा तपासून एक पाऊल मागे यायची आणि नजर हातांवरून हलवायची नाही. वैभवी नावाची एक तरुण बाई, बँकेत कामाला, लाल पिस्तुलाच्या तिसऱ्या गोळीनंतर थांबली. तळहात झिणझिणतोय म्हणाली. तहसीनने तिला तिथेच थांबवलं, पाच पूर्ण करू दिल्या नाहीत. शाहबाजने काही आक्षेप घेतला नाही. तो हाताची घडी घालून बघत होता.

सुचित्रा मॅडमची पाळी शेवटून दुसरी. लाल पिस्तूल आपण उचलणार नाही, त्या हाताने ते एकदा अनुभवलंय आणि आकडा तेवढ्यावर देता येतो, असं त्यांनी सांगून टाकलं. पिवळ्याच्या पाचही गोळ्या झाल्या. मग त्यांनी हिरवं घेतलं. बराच वेळ त्या नुसत्याच धरून उभ्या राहिल्या. तहसीनने हळूच विचारलं, ठेवायचं का. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि चाप ओढला.

नळी थोडीशी वर गेली आणि परत जागेवर आली. मॅडमनी खांदे खाली सोडले. एवढा वेळ ते कानापर्यंत चढलेले होते हे तेव्हा कुठे सगळ्यांना दिसलं.

"एवढंच?" त्या म्हणाल्या आणि उरलेल्या चारही गोळ्या झाडून मोकळ्या झाल्या.

शेवटी तहसीनने चारही पिस्तुलं भराभर चालवली आणि आपले आकडे लिहिले.

ऑफिसात मॅडमनी कागद जुळवले. सहा बायकांनी लालला नऊ, आठ, नऊ, दहा, आठ, नऊ दिले होते. हिरव्याला कोणीही तीनच्या वर दिलं नव्हतं. पिवळं मध्ये, चार-पाच. आश्चर्य निळ्याचं होतं. काडतूस कमी ताकदीचं, तरी सगळ्यांचे आकडे सहा आणि सातच्या आसपास. शाहबाजला ते पटेना. गनीचाचांनी निळं उघडून दाखवलं. बाकीच्यांत नळीही स्लाइडबरोबर थोडी मागे सरकते आणि जोर जिरवते; यात ती जागची हलत नाही, मागे येणारा भाग एकदम सरळ हातावर येतो. म्हणून गोळी लहान असूनही चटका मोठा.

मग मॅडमनी सातवा कागद उचलला. लालसमोर तहसीनने तीन लिहिले होते.

तहसीन स्वतःच आपल्या आकड्याकडे बघत राहिली. तिने खोटं लिहिलं नव्हतं. पंधरा वर्षं शस्त्र धरलेले तिचे हात, रुंद तळवा, कणखर मनगटं. तिला तेवढाच धक्का लागला होता. आणि अचानक तिला ऑक्टोबर आठवला. नवी पिस्तुलं आली तेव्हा शाहबाजने तिला एक फॉर्म दिला होता. तिने दहा गोळ्या झाडून तो भरला होता.

ती उठली आणि फायलींच्या कपाटातून तो फॉर्म स्वतः काढून टेबलावर ठेवला.

"पिस्तूल मी पास केलं होतं," ती म्हणाली. "नवशिक्यांना योग्य, धक्का किरकोळ. खाली सही माझी आहे. पकड मी तपासली होती, ते खरं. पण हेही खरं आहे. मी माझ्याच हाताला विचारलं. यांना कोणालाच विचारलं नाही."

हे बोलताना तिला वाटलं होतं की नोकरी गेली. पण बोलून झाल्यावर छातीवरचं काहीतरी सरकल्यासारखं झालं. इतके दिवस ती जे शोधत होती ते सापडलं होतं. ते तिच्या बाजूचं नव्हतं, पण निदान खरं होतं आणि दिसत होतं.

शाहबाजने फॉर्म वाचला. तारीख पाहिली. मग चष्मा काढून डोळे चोळले. उर्दूत, अडखळत, तो म्हणाला की पिस्तुलांची ऑर्डर त्याने या फॉर्मच्या दोन आठवडे आधीच दिली होती. तहसीनने नापास केली असती तरी ती पिस्तुलं परत जाणार नव्हती. फॉर्म नुसता फाइल भरायला होता. "तुमची चूक एक सही," तो म्हणाला. "माझी चूक सगळी ऑर्डर. आणि रिपोर्ट मी घाईत लिहिला. खलास, मी नवा लिहितो."

नवा रिपोर्ट त्याने त्यांच्यासमोरच लिहिला. त्यात सात जणींचे आकडे गेले, तहसीनचा तीनसुद्धा. लाल आणि निळी पिस्तुलं नवशिक्यांना द्यायची नाहीत, आणि यापुढे कुठलंही नवं शस्त्र घेण्याआधी नवशिक्या बायकांकडूनच तपासून घ्यायचं, हेही गेलं. मॅडमनी दोनदा वाचून खाली सही केली. शाहबाजने खिशातून तहसीनचं रेंज कार्ड काढलं आणि दोन्ही हातांनी तिला दिलं. कमिटीने पुढच्या बुधवारी रिपोर्ट मान्य केला. तिच्या नावापुढे एक लेखी समज आली. तिने ती विनातक्रार घेतली.

त्या शनिवारी बाहेर येऊन तिने घरी फोन लावला. अक्रमचा आवाज ऐकला आणि तिला बोलताच येईना. तो घाबरला, काय झालं, काय झालं म्हणून विचारत राहिला. तेवढ्यात दुआने फोन हिसकावला.

"मम्मी, आर यू क्राइंग ऑर लाफिंग?"

"दोन्ही, बेटा," तहसीन म्हणाली. "पप्पांना सांग, कार्ड मिळालं."

पलीकडे अक्रमने मोठ्याने सोडलेला श्वास तिला स्पष्ट ऐकू आला.

हायवेलगतच्या कॅफेटेरियात सगळ्या बायका तिकडचा घट्ट, दुधाळ करक चहा प्यायला थांबल्या. धुकं विरलं होतं, उन्हात प्लॅस्टिकच्या खुर्च्या ऊबदार झाल्या होत्या. सुचित्रा मॅडम टिश्यू पेपरवर बाण काढून वैभवीला समजावत होत्या की नळी हाताच्या जितकी वर, तितकं पिस्तूल जास्त उसळणार. तहसीनला ते सगळं ठाऊक होतं. ती ऐकत नव्हती. तिला कडकडून भूक लागली होती. तिने चीज पराठा मागवला, तो संपवला आणि आणखी एक मागवला.