उलटं वळणारं कोपर

पाठ टेकली की कुस्ती संपली, अशी माझी समजूत होती. जुजुत्सू शिकवणाऱ्या आमच्या मास्तरांच्या वर्गात मात्र पाठ टेकल्यावरच खरी मजा सुरू होते. तुम्ही उताणे, समोरचा तुमच्या पायांमध्ये गुडघ्यांवर, आणि आपण वर आहोत म्हणजे जिंकलोच या थाटात. तेवढ्यात त्याचं मनगट छातीशी धरायचं, एक पाऊल त्याच्या कमरेवर रोवून आडवं फिरायचं, दुसरा पाय त्याच्या मानेवरून टाकायचा आणि आपली कंबर वर उचलायची. त्याचं कोपर सरळ होतं, मग आणखी सरळ व्हायला जागाच उरत नाही, आणि तो निमूट थाप मारतो. थाप म्हणजे हार कबूल. थाप पडली की तिथल्या तिथे सोडायचं, एवढा एकच मास्तरांचा कायदा.

मला हे फार आवडलं, कारण माझा धंदाच उघडून बघण्याचा. मी मिक्सर, इस्त्र्या, पंखे दुरुस्त करते. बिघडलेलं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात, आणि खरं सांगायचं तर न बिघडलेलं दिसलं तरीही. लग्नात आलेलं भिंतीवरचं घड्याळ मी पाहुणे जायच्या आत खोललं होतं.

वर्गात माझी जोडी ताईंशी, म्हणजे माझ्या मोठ्या नणंदेशी. घरात मी त्यांना अहो-जाहो करते आणि मॅटवर त्यांच्या कमरेला पाय आवळते. त्या अंगाने भरलेल्या, त्यामुळे वर त्या आणि खाली मी, हे न बोलता ठरलेलं. पण त्यांच्यावर हा पेच चालत नाही. त्यांचं उजवं कोपर सरळ होऊन थांबत नाही, तसंच पुढे उलटं वळतं. जन्मापासून तसंच आहे म्हणे. बाकीचे जिथे थाप मारतात, तिथे ताई "झालं का तुझं?" असं विचारतात.

माझ्या डोक्याला भुंगा लागला होता. हे कोपर संपतं कुठे? त्या चहा ओतायला लागल्या की मी कपाकडे न बघता कोपराकडे बघायची. एकदा तर विचारलंही. त्या म्हणाल्या, मला तरी काय ठाऊक, आजवर कुणी तिथवर पोचलंच नाही.

अशात ताईंच्या केस कापायच्या दुकानाची जागा मालकाने विकली. त्यांना घरातली पुढची खोली हवी झाली, कारण तिचं दार रस्त्यावर उघडतं. त्याच खोलीच्या खिडकीखाली माझं टेबल. मागच्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागतो. तिथे ताईंकडे गिऱ्हाईक फिरकलं नसतं आणि मला बारीक तार दिसली नसती. एकत्र काम करायचं, तर कापलेले केस उडून माझ्या उघड्या मोटारींत जाणार. त्यामुळे ते जमणार नाही, यावर मात्र आमचं दोघींचं एकमत होतं. बायको आणि बहीण यांच्या कात्रीत सापडलेले आमचे हे एकदा वैतागून म्हणाले, मॅटवरच काय तो निकाल लावा. ते गमतीत बोलले. आम्ही ते गमतीत घेतलं नाही. जी थाप मारेल ती मागच्या खोलीत जाईल, असं ठरलं.

त्या दिवशी ताई नेहमीसारख्या वर आल्या आणि माझा श्वास कोंडला. मी खालून वाट बघत राहिले. त्यांनी मला दाबायला उजवा हात लांबवला, तसं मी मनगट धरलं, फिरले, पाय मानेवरून टाकला आणि गुडघे आवळले. अंगठा छताकडे, कोपर माझ्या कमरेवर, सगळं जागच्या जागी. मी कंबर उचलली. कोपर सरळ झालं. आणखी उचलली. ते उलटं वळलं. या वेळी "झालं का" हा प्रश्न आला नाही.

मग कोपरात आत काहीतरी ताणल्यासारखं मला जाणवलं, आणि मला इतका आनंद झाला की त्याची आता लाज वाटते. आलंच होतं ते टोक. आणखी जरासं, आणि खोलीही माझी, उत्तरही माझं. पण मिक्सर उघडला तर परत बसवता येतो. हा कात्रीचा हात होता.

नुसतं सोडून दिलं असतं तर थोड्या वेळाने मी पुन्हा तिथेच पोचले असते, आणि दुसऱ्यांदा थांबेन याची मला खात्री नव्हती. म्हणून मी एक हात सोडवला आणि मॅटवर थाप मारली.

मास्तर चक्रावले. पेच लावणारीनेच हार मानलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. ताई उठून बाहेर गेल्या.

नंतर बघते तर त्या नळाखाली कोपर धरून उभ्या होत्या.

"दुखत होतं?" मी विचारलं.

"मघापासूनच."

"मग थाप का नाही मारलीत?"

"तू थांबतेस का, ते बघत होते."

मला वाटत होतं, टोकापर्यंत जाऊन बघायची खोड घरात फक्त मलाच आहे.

"आणि नसते थांबले तर?"

"तर तेही कळलं असतं," ताई म्हणाल्या आणि नळ बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबल आवरायला घेतलं. ठरलं म्हणजे ठरलं. स्क्रूंच्या डब्या खोक्यात भरते आहे, तोवर ताई एक जाड पडदा आणि पितळी दांडी घेऊन आल्या. दांडी खिडकी आणि दार यांच्या मधोमध ठोकायला त्यांनी भावाला स्टुलावर चढवलं. केस पडद्याच्या अलीकडे राहतील, म्हणाल्या, टेबल हलवायचं नाही. एवढी साधी गोष्ट आम्हाला आधी का सुचली नाही, असं आमच्या ह्यांनी स्टुलावरून विचारलं. ताईंनी त्यांच्या हातात पुढचा खिळा दिला.

दाराकडच्या भिंतीवर आरसा लागला, त्याच्यापुढे खुर्ची आली. पहिलं गिऱ्हाईक म्हणून ताईंनी मलाच बसवलं. कोपर अजून सुजलेलं होतं, त्या हात जरा जपून उचलत होत्या. कात्रीचं गार पातं माझ्या कानामागे टेकलं आणि माझे खांदे आपोआप वर आले.

"मान सैल सोड," ताई म्हणाल्या.

मी सोडली.