ब्रेकमधली हवा

आमच्या गाडीच्या स्टिअरिंगमागे श्यामकांतरावांशिवाय कोणी बसायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा. गाडी धुणारा बाहेर उभं राहूनच आतली पायपुसणी ओढून काढतो. मुलगा शिशिर बंगलोरहून आला की स्टेशनवरून बापाच्या शेजारी मुकाट बसून येतो. माझं तर काय, मी लग्नाची बायको, मला डावी बाजू सप्तपदीपासूनच मिळालेली. सगळी नोकरी सिंचन खात्यात काढलेल्या या माणसाला अजून वाटतं, की आपली नजर हटली की कुठंतरी बांध फुटतो. मी पुष्कळ बोलून पाहिलं, पण सुंभ जळाला तरी पीळ काही जात नाही.

उन्हाळ्यात तात्यापारा चौकात आमची गाडी थांबायच्या ऐवजी पुढे सरकली आणि केळ्यांच्या ठेल्याला जाऊन टेकली. केळी रस्त्यावर पडली, ठेलेवाल्यानं आमच्या कुळाचा उद्धार केला. कोणाला खरचटलंसुद्धा नाही, पण बातमी बंगलोरला पोचली. मीच पोचवली, दुसरं कोण. शिशिरला मराठी सगळी कळते, बोलतो मात्र हिंदीतच. त्यानं फोनवरच निकाल दिला.

"पापा, दशहरे में आ रहा हूँ. गाड़ी बेच देंगे. टैक्सी बुला लिया करो."

"काहून विकू? ब्रेक कमजोर झाला हाये. मोठे ब्रेक लावून घेतो."

"लगवा लो. मैं बाजू में बैठूँगा. ढंग से रुकी तो रहेगी, नहीं तो बेचेंगे."

"मंजूर," हे म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला.

मी वरवर हसले. गाडीशिवाय या माणसाचं काय उरतं ते मला ठाऊक आहे. सकाळी ब्राह्मणपाऱ्यात जुन्या मित्राकडे, नरहरीकडे चहा, मग मला भाजीला नेणं, कोणाच्या लग्नाला, कोणाच्या मयताला, सगळं स्वतः चालवत. टॅक्सीच्या मागच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसलेले श्यामकांतराव मला डोळ्यांसमोर आणवेनात.

यशदीप आमचा मेकॅनिक. पुरानी बस्तीत त्याचं गॅरेज आहे. त्यानं पुढच्या चाकांना मोठ्या डिस्क बसवल्या, मागचे ड्रम काढून तिथंही डिस्क लावल्या. काम झकास दिसत होतं. पण दारातून वाकून त्यानं हातानं पॅडल दाबलं तर ते उशी दाबल्यासारखं सरळ खाली गेलं.

"हवा है लाइन में," तो म्हणाला. "निकाल देता हूँ अंकल."

हवा काढायला दोन माणसं लागतात हे मला तेव्हा कळलं. एक जण आत बसून पॅडल दाबतो आणि दाबूनच धरतो. दुसरा चाकापाशी बसून एक स्क्रू ढिला करतो, म्हणजे तेलाबरोबर हवा नळीतून बाटलीत येते. स्क्रू पुन्हा आवळेपर्यंत आतल्यानं पाय उचलायचा नाही. उचलला तर बाहेरची हवा उलटी आत शिरते. यशदीपचा मदतनीस आत बसायला निघाला, तर ह्यांनी त्याला दंडाला धरून बाजूला केलं. "माझ्या गाडीत मी बसतो," हे म्हणाले. अंकल बापाच्या वयाचे, त्यांच्यापुढे यशदीप काय बोलणार?

हवा काढली, पॅडल नरमच. पुन्हा काढली, तरी नरम. यशदीपनं नळ्या तपासल्या, जोड आवळले. मग ब्रेकचा मास्टर सिलेंडरच नवा टाकला. पॅडल दाबलं की तेल ढकलतो तो हा भाग, यशदीप नुसतं मास्टर म्हणतो. त्या मास्टरनंही काही शिकवलं नाही. दर वेळी हे आत बसायचे, तोंड घट्ट मिटून समोर बघत, आणि दर वेळी पोरगं तेलानं माखून उठायचं. शेवटी त्यानं हात टेकले. "समझ नहीं आ रहा आंटी," तो मला हळूच म्हणाला, आणि त्याचा चेहरा इतका उतरला होता की मला रागवताही येईना.

दसरा चार दिवसांवर आला. ह्यांनी हळूहळू चालवत घरी आणलेली तशा ब्रेकची गाडी मी पुन्हा फाटकाबाहेर जाऊ देईना, म्हणून यशदीप एकटाच चौबे कॉलोनीत आमच्या घरी आला. पोर्चमध्ये गाडी, उकाडा असल्यामुळे ड्रायव्हरचं दार सताड उघडं. मी पायरीवर लाल भाजी निवडत बसले होते. पायरी बुटकी, त्यामुळे ह्यांची पावलं बरोबर माझ्या डोळ्यांसमोर येत होती.

"पंप मारो अंकल. मारो. अब दबाके रखो."

"रखा है," हे म्हणाले.

मागच्या चाकाशी स्क्रू ढिला झाला. आणि माझ्या देखत ह्यांचं उजवं पाऊल सावकाश वर यायला लागलं. कोणी घाई केली नव्हती, कोणी बोलावलं नव्हतं. टाच जागेवर आणि चवडा वर वर. नळीतलं तेल उलटं मागे गेलं. वर पाहिलं तर दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि चेहरा धरण धरून ठेवल्यासारखा.

मला संतापच आला. इतके दिवस त्या पोराला राबवलं, आणि हे असं! "अहो, पाय काहून उचलून राहिले?"

"कोण उचलते? दाबून धरला हाये मी."

"खाली पाहा."

"तू भाजी निवड नं."

"पाहा म्हणते नं मी खाली!"

त्यांनी पाहिलं. पाऊल पॅडलपासून चांगलं बोटभर वर होतं. ते बघतच राहिले, जणू गाडीत दुसरंच कोणी पाय सोडून बसलं आहे. मग त्यांनी पाऊल खाली नेलं, नजर त्याच्यावर ठेवून. नजर काढली तसं ते पुन्हा वर आलं.

माझा राग कुठच्या कुठे गेला. ह्यांची शुगर जुनी. डॉक्टर डोळे मिटायला सांगून पायाला टाचणी लावतात, समजते का विचारतात. हे डोळे किलकिले ठेवून "हव, समजते" म्हणायचे. मी शेजारच्या खुर्चीवरून बघायची आणि घरी आल्यावर चेष्टा करायची, की परीक्षेत कॉपी केली म्हणून. पास होतात ना, मग झालं, असं मला वाटायचं. केळ्यांच्या ठेल्यापाशी ब्रेक कमजोर नव्हता. गाडीतला एकही ब्रेक कधी कमजोर नव्हता.

"क्या हुआ अंकल?" यशदीपनं मागून विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "आता मी बसते."

मला वाटलं, आता आकाशपाताळ एक करतील. पण ते मुकाट्यानं उतरले, दाराला धरून बाजूला झाले. त्यांनी भांडण केलं असतं तर मला इतकी भीती वाटली नसती.

मी आयुष्यात पहिल्यांदा त्या सीटवर बसले. यशदीप सांगेल तसं दाबत गेले, धरत गेले. एक चाक, दुसरं, तिसरं, चौथं. पॅडल हळूहळू कडक होत गेलं आणि शेवटी पायाखाली दगड असल्यासारखं थांबलं. यशदीपनं येऊन हातानं दाबून पाहिलं आणि अक्षरशः टाळी वाजवली.

"पत्थर हो गया! आंटी, आपके पैर में जादू है. पहले काहे नहीं बैठीं?" मग वळून तो ह्यांना म्हणाला, "अंकल, चलो, ट्रायल मारो."

हे गाडीच्या टपावर बोट फिरवत उभे होते. "कल मारेंगे," ते म्हणाले. "अभी धूप बहुत है."

"हव, कल सही," यशदीप म्हणाला. त्याला काहीच कळलं नव्हतं. हात पुसत, पाने-पक्कड गोळा करत तो शीळ घालत गेला. एवढं खूश त्याला कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

हे गाडीला वळसा घालून आले आणि माझ्या डावीकडे बसले. मग त्यांनी उजव्या पायाची चप्पल काढली आणि तळव्याला नखानं जोरात चिमटा घेतला. चेहऱ्यावर काही उमटलं नाही. पुन्हा घेतला.

"नका करू," मी म्हणाले.

"शिशिरले काय सांगशील?"

"ब्रेक झाला म्हणून सांगते."

"अन् तो बाजूले बसीन तेव्हा?"

मला गाडी येत नाही, सायकलही येत नाही. पायात जाणीव कशी भरतात ते कोणाला येतं, तेही मला माहीत नाही.

"रमा," ते म्हणाले, "तुझा पाय अजून ब्रेकवरच हाये."

मी खाली पाहिलं. होता. यशदीपनं शेवटचं दाबून धरायला सांगितलं होतं तेव्हापासूनचा, पोटरीत गोळा येईपर्यंत.

"सोड आता. झालं काम."

झालं होतं, मला समजत होतं. तरी माझ्यानं पाय उचलवेना.