न बोलणारा जवाई

एकाहत्तर साली माझी लेक प्रेमिला सासर सोडून महाल मोहल्ल्यात आमच्या घरी आली, तेव्हा माझ्या जावानणंदांनी एवढंच विचारलं, "नवरा मारते का? पिते का?" दोन्ही नाही म्हटल्यावर म्हणतात, "मग काहून आली?"

जवाई तिच्याशी बोलत नव्हता. भांडण नाही, रुसवा नाही, पण तीन वर्षांत जे सांगायचं ते त्याच्या आईमार्फत. "आई, तिले म्हण, पाणी दे." सदर बाजारातल्या कापडाच्या दुकानात मात्र हाच माणूस दिवसभर गिऱ्हाईक बायांना म्हणायचा, "ताई, हा रंग तुमच्यावर खुलते!" पोरगी मले रडून सांगे, "आई, अंधारात त्यायले माझी ओळख पटते, उजेडात नाही."

पंधरा दिवसांनी बापलेक तिले न्यायला आले. आमचे हे व्याह्यांना म्हणाले, "बळीरामजी, जवाईबुवांची काही तक्रार?"

"काहीच नाही जी. पोरगा समाधानी आहे."

झालं! ह्यांनी लगेच प्रेमिलेची पेटी बैठकीत आणून ठेवली. मी चौथी शिकलेली बाई, पण दाराआड उभं राहणं मले जमत नाही. बाहेर आली अन् सरळ खुर्चीवर बसली.

"पोरगी समाधानी आहे का, हे कोणी विचारलं?"

व्याही हसले. "विहीणबाई, खायला-ल्यायला आहे ना तिले?"

"खायला तर आमच्या म्हशीलेही आहे. तिच्याशी निदान गडी बोलते."

"चूप बस वं," हे खेकसले. "मी कधी तुह्यासंगं गप्पा मारल्या? झाला ना संसार?"

"झाला. मी केला. मले आवडला का, हे कधी विचारलं? नाही आवडला."

ह्यांनी कपातला चहा बशीत ओतला. मी जवाईकडे वळली.

"घेऊन जा, जवाईबुवा. फक्त तिच्याकडे पाहून तुम्ही स्वतः म्हणा, चल."

प्रेमिला समोर येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर घेतलेला, पायात चपला. त्या एका शब्दावर ती गेली असती, मले ठाऊक आहे.

जवाईनं घाम पुसला. बापाकडे पाहिलं. म्हणाला, "बाबा, तिले म्हणा, रिक्षावाला थांबला आहे."

बापानं तोंड उघडायच्या आत पोरगी बोलली.

"कृष्णकांत, मी येत नाही."

नवऱ्याचं नाव! चारचौघांत, उखाण्याबिगर! ह्यांच्या बशीतला चहा धोतरावर सांडला. व्याही ताडकन उठले. "ऐकलं? जीभ पाहा पोरीची!"

"ऐकलं ना," मी म्हटलं. "ज्याले सांगायचं त्यालेच सांगितलं तिनं. तुमच्या पोराले तीन वर्षांत नाही जमलं ते."

पेटी जड होती. हे उचलायला पुढे आले, पण मी हात लावू दिला नाही. मीच आत नेली.