मी गप्प होते, बंद नव्हते

मी कडा गावच्या विरुपाक्षअप्पांची पांढरी गाडी बोलतेय. दचकू नका. गप्प बसल्यामुळे माझ्यावर जे प्रसंग आले, ते पाहता आता बोललेलंच बरं.

देशाची दारं बाहेरच्या मालाला उघडून पंधरा-सोळा वर्षं झाली होती. रोज नवीन गाडी बाजारात येत होती, तेव्हाचा माझा जन्म. कारखान्यात माझ्या अंगी एक नवा गुण घातला गेला. थांबल्यावर ड्रायव्हरनं गिअर काढून क्लचवरचा पाय उचलला, की माझं इंजिन आपोआप बंद व्हायचं. पुन्हा क्लच दाबला, की आपोआप चालू. उभ्या-उभ्या डिझेल जाळायचं नाही, एवढाच त्यातला विचार. हा गुण नको असेल तर समोर एक छोटं बटण होतं. मला स्वतःला मात्र तो फार आवडायचा. जरा डोळा लागावा आणि कुणी हाक मारताच उठावं, तसं वाटायचं.

अप्पांचं कड्यात भुसार मालाचं दुकान. नगरच्या शोरूममध्ये मला घ्यायला सगळं घर आलं होतं. अप्पा, त्यांच्या पत्नी बसम्मा, धाकटे भाऊ केदारनाथ, मुलगी रुद्राणी आणि जुना ड्रायव्हर सटवा. शोरूमचा माणूस माझा गुण समजावून सांगू लागला आणि नेमका तेव्हाच बसम्मांनी नारळ फोडला. पाणी त्याच्या चष्म्यावर उडालं. त्यानं चष्मा पुसेपर्यंत बसम्मांनी महादेवाचं चिकटवायचं चित्र काढलं आणि बरोबर त्या बटणावर लावलं.

"काकू, तिथं बटण आहे."

"मग देवाला कुठं बसवू? चाकापाशी?"

त्या बिचाऱ्यानं चष्मा पुन्हा पुसायला घेतला. पुढे कुणाचीच देवाला बोटानं दाबायची हिंमत झाली नाही.

माझ्या आधी या घरात एक जीप होती. तिची बॅटरी कायम उतरलेली, आणि नवी घ्यायला अप्पांचा हात धजत नसे. त्यामुळे घराला एक शिस्त लागली होती. इंजिनाचा आवाज थांबला, की कुणी काही न बोलता खाली उतरायचं, मागून हात लावायचे आणि ढकलायचं. सटवा गिअर टाकून, क्लच दाबून तयार बसायचा. जीप एकदा चालू झाली, की थांबवायची नाही. सगळ्यांनी पळत येऊन चढायचं. लग्नाला निघालेले असोत की मयतीला, भरजरी साडी असो की धुतलेलं धोतर, यात कधी बदल झाला नाही.

आणि या घरात मी आले, थांबलं की गप्प होणारी.

रुद्राणीचा अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात नंबर लागला. ठरलेल्या दिवशी संध्याकाळच्या आत हजर व्हायचं, नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. केदारनाथांना हे सारं पसंत नव्हतं.

"पोरीची जात. तिकडं एकटी ऱ्हाणार व्हय?"

"एकटी कशी?" अप्पा म्हणाले. "आपण समदे सोडायला चाललोत की."

पण आदल्या रात्री अप्पाच बसम्मांना म्हणाले होते, की मन धजत नाही, उशीर झाला तर देवाचीच इच्छा समजू. हे त्यांनी माझ्या बॉनेटला टेकून म्हटलं, म्हणून मला ठाऊक. खिडकीतून रुद्राणीनंही ऐकलं होतं. सकाळी कागदांची पिशवी छातीशी धरून ती सगळ्यांच्या आधी माझ्यात येऊन बसली.

आष्टीच्या अलीकडे शेळ्या आडव्या आल्या. सटवानं मला थांबवलं. मी नेहमीप्रमाणे गप्प झाले.

आतलं बोलणं तुटलं. दारं उघडली. अप्पा, केदारनाथ, बसम्मा, तिघंही खाली. "तू पिशवी सांभाळ," असं रुद्राणीला सांगून तिघं मागे गेले. सटवानं क्लच दाबला, मी उठले आणि निघाले. तिघं पळत आले, चढले.

"नवी हाय, पण वळण जुन्या जीपचंच," केदारनाथ धापा टाकत म्हणाले.

"घराण्याचा गुण लागला," बसम्मा कौतुकानं म्हणाल्या.

जामखेडच्या चौकात तेच. पाटोद्याला तेच. मांजरसुंब्याला चहा प्यायला उतरले, तर चहा अर्धवट टाकून ढकलायला धावले. एका टपरीवाल्यानं मला फेफरं येत असल्याचं निदान केलं आणि माझ्या जाळीपुढे कांदा फोडून धरला. तेवढ्यात सटवानं क्लच दाबला, मी चालू झाले. टपरीवाला आजही लोकांना तो कांदा सांगतो म्हणे.

नेकनूरला बाजार होता. बैल, बाया, टोपल्या, रस्ता दिसेना. मी गप्प झाले. तिघं उतरले, मी चालू झाले, थोडं पुढे गेले. गर्दीत पळून चढणं बसम्मांना जमेना, त्यात त्यांची एक चप्पल बैलाच्या पायाखाली गेली. म्हणून सटवानं माणुसकीनं मला थांबवलं. मी गप्प झाले. तिघं पोचले, पण मी गप्प आहे हे पाहताच चढायचं सोडून मागे गेले. मी चालू झाले. ते मागे राहिले. सटवा पुन्हा थांबला. मी पुन्हा गप्प.

"बे सटवा, थांब की बे!" केदारनाथ ओरडत होते.

"थांबलो की बंद पडतिया!"

"मग थांबतो कावून?"

सूर्य कलायला लागला होता. रुद्राणीनं पुढे वाकून पाहिलं.

"सटवामामा, त्यांनी हात लावायच्या आधीच चालू झाली."

"पावलांचा आवाज ऐकून भ्याली आसंल."

"न्हाई मामा, तुमच्या पायानं झाली." मग तिनं मागच्या काचेतून पाहिलं. तिचा आवाज बारीक झाला. "मामा, आता थांबलो तर माझी जागा जाईल."

"अप्पा मला सोडतील का?" सटवा म्हणाला.

मागे धुळीत अप्पा उभे होते. गुडघ्यावर हात, टोपी गेलेली, दम लागलेला. माझं इंजिन चालू होतं, ते त्यांना ऐकू येत होतं. त्यांनी एक हात उचलला आणि बाजाराच्या वर आवाज काढला.

"सटवा, चालू झाली हाय! आता थांबू नगंस! घेऊन जा तिला!"

"दादा, एकटी?" केदारनाथ म्हणाले.

"एकटी कशी? आपण ढकलली की!"

मी थांबले नाही.

कॉलेजात खिडकीवरच्या कारकुनानं विचारलं, "पालक कुठं आहेत?"

"मागं आहेत," रुद्राणी म्हणाली. "ढकलत येतायत."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, कागद पाहिले, आणि काही न विचारता तिचं नाव लिहून घेतलं. पालक काळी-पिवळी जीपमधून पोचले तेव्हा खिडकी बंद व्हायला आली होती. अप्पांनी बिनटोपीनं सही केली. बसम्मांच्या पायात एकच चप्पल होती.

पुढच्या सुट्टीत रुद्राणीनं घरातल्या सगळ्यांना माझ्यात बसवून माझा गुण शिकवला. उतरायचं नाही, घाबरायचं नाही, ही आपोआप चालू होते. ते शिकायला त्यांना फार वर्षं लागली. पण शिकले, आणि आता अगदी पक्कं शिकले आहेत.

आज रुद्राणीच्या आष्टीतल्या दवाखान्याचं उद्घाटन आहे. सगळे नवे कपडे घालून माझ्यात बसलेत. बसम्मांच्या मांडीवर पेढ्यांचा डबा आहे. सटवाचा पाय क्लचवर आहे. देवाचं चित्र फिकट झालंय, पण जागच्या जागी आहे. आणि माझी बॅटरी आज खरोखर उतरली आहे.

कुणी हलत नाही. रुद्राणीचा फोन आला होता, "निघालात का?"

"निघालोच," अप्पा म्हणाले. "गाडीत बसलोय. तिचं मन झालं की होतीया चालू."

अप्पा, बसम्मा, केदारनाथ, माझ्या माणसांनो, पोरगी दारात वाट बघतेय. आज मी गप्प नाही, बंद आहे. उतरा. मागे या. तुमचे ते हात एकदा लावा.